देवाचे तिच्यावर प्रेम जडले

एप्रिल लागला की नांदेडच्या आमच्या पेपर तपासणीच्या हॉलला एक ठरलेला वास येतो. उत्तरपत्रिकांचा कोरडा कागद, कूलरमधलं ओलं गवत, कुणाच्या तरी डब्यातली कैरीची चटणी, आणि खिडकीबाहेर फुललेल्या कडुलिंबाचा कडवट गोडसर मोहोर. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आत आम्ही मास्तरमंडळी लाल पेनं घेऊन बसलेलो. माझ्या वाट्याला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा साहित्याचा पेपर येतो. त्यात ग्रीक पुराणकथांवर एक प्रश्न असतोच, आणि गठ्ठा कुठल्याही तालुक्यातला असो, त्या प्रश्नाच्या उत्तरात एक वाक्यही असतंच. ‘देवाचे तिच्यावर प्रेम जडले.’ गाइडात तसं छापलंय. पोरं-पोरी ते पाठ करतात, जसंच्या तसं उतरवतात. मी ते वाचते, आणि इतकी वर्षं झाली तरी मला दरवेळी किळस येते.

राग नाही, किळसच. जेवणाच्या ताटात केस निघाल्यावर येते तशी.

ते प्रेम कसलं होतं ते सांगते. डॅफ्नी नावाची नदीची मुलगी. तिला लग्न नको, नवरा नको, रानात हिंडायचंय. अपोलो हा उजेडाचा, संगीताचा, वैद्यकीचा, झाडून सगळ्या चांगल्या गोष्टींचा देव, तो तिच्या मागे लागतो. मागे लागतो म्हणजे खरोखर धावतो. ती जिवाच्या आकांताने पळते. त्याचा श्वास तिच्या मानेवर पडायला लागतो तेव्हा ती ओरडून बापाला म्हणते, हे माझं रूप काढून घे. बाप तिचं झाड करतो. पायांची मुळं, हातांच्या फांद्या. इथं तरी सुटका व्हावी ना? छे. देव त्या खोडाला मिठी मारतो आणि म्हणतो, बायको झाली नाहीस, तर झाड तरी माझंच. मग तिची पानं तोडून डोक्यावर मिरवतो. पुढे जो जिंकेल त्याच्या डोक्यावर तीच पानं चढतात. आपल्या मसाल्यातल्या तमालपत्राच्या कुळातलं झाड ते. उन्हाळ्यात काळं तिखट करायला घेतलं आणि तव्यावर तमालपत्र टाकलं की माझा हात क्षणभर अडखळतो. सासूबाई विचारतात, ‘काय गं, जळतंय ते, हलव की.’ त्यांना काय सांगणार?

हे सगळं मला पहिल्यांदा कळलं ते लातूरला, माझ्या स्वतःच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवसांत. लातूरचा परीक्षेचा हंगाम ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. तिथं उन्हाळा आणि परीक्षा एकाच दमात येतात. चौकाचौकात गुणवंतांचे फलक, गोल चौकटीत हसणारी पोरं, खाली मार्कांची टक्केवारी. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, पण कुठल्या प्रश्नाला किती मार्क हे पानवाल्यालाही ठाऊक. आमच्या वसतिगृहाच्या स्लॅबवर पहाटेपासून पोरींची रांग लागायची. हातात गाइड, डोक्यावर ओढणी, आणि ये-जा करत मोठ्याने पाठांतर. एक टोकाकडे जाताना संविधानाची कलमं, दुसरी परत येताना पावसाचे प्रकार, आणि मध्ये आम्ही दोघी, ‘देवाचे तिच्यावर प्रेम जडले.’

आम्ही दोघी म्हणजे मी वर्षा आणि ती प्रज्ञा. ती बिलोलीकडची. वडील एका सरकारी कचेरीत शिपाई, घरी थोडं शेत, एक गाय, आणि ते सगळं बघणारी आई. प्रज्ञाचं पाठांतर माझ्याहून पक्कं, पण तिची एक खोड होती. पाठ करता करता थांबायची.

‘वर्षे, हे प्रेम हाय का गं? ती पळून राहिली अन् हे म्हणून राहिले प्रेम.’

‘गाइडात हाय ना? मग हाय.’

‘लई वंगाळ गाइड हाय मग,’ ती म्हणायची, आणि पुन्हा चालायला लागायची.

हा विषय शिकवणारे आमचे सर मोठे लोकप्रिय. इस्त्रीचा सफारी, अत्तराचा वास, आवाज तर असा की मागच्या बाकापर्यंत विनासायास पोचायचा. ग्रीक देव शिकवताना ते फार खुलायचे. देवांचा राजा एका मुलीसाठी बैल झाला, दुसरीसाठी हंस, तिसरीसाठी सोन्याचा पाऊस. ‘काय कल्पकता! रसिकता शिकावी तर यांच्याकडून,’ असं म्हणून ते पोरांकडे बघून हसायचे, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. आम्ही पोरी बाकावर कोरलेली नावं वाचत बसायचो. त्या मुलींचं पुढे काय झालं हे सर एका वाक्यात उरकायचे. आयो नावाच्या मुलीची गाय झाली. कुणी केली? ज्याने नासवलं त्यानेच, बायकोपासून लपवायला. आणि बायकोने काय केलं? नवऱ्याला एक शब्द नाही. त्या गायीच्या मागे चावरी गोमाशी सोडली, ती बिचारी देशोदेशी पळत राहिली. प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली होती, ‘आमच्या गायीच्या अंगावर माशी बसली तर आई रात रात धूर करती गं.’

परीक्षेच्या आधी लातूरला एक रिवाज असतो. सर लोक ‘आयएमपी’ देतात, म्हणजे पेपरात येण्याजोगे महत्त्वाचे प्रश्न. त्यासाठी पोरं दारात उभी राहतात, चहा आणून देतात, गाडी पुसतात. आमचे सर पोरांना वर्गात आयएमपी द्यायचे आणि हुशार पोरींना एकेकीला ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत बोलवायचे. आम्हाला तो मान वाटायचा. प्रज्ञाला बोलावणं आलं त्या दुपारी तिने केस विंचरून नवी वेणी घातली होती, कारण सर पहिल्यांदाच तिला नावाने ओळखत होते. मी बाहेरच्या माठाजवळ थांबले होते. जरा वेळाने आतून कपाट हादरल्याचा आवाज आला आणि प्रज्ञा धावत बाहेर आली. एक चप्पल आतच राहिली होती. मनगट लाल, ओढणी नाही. ती थांबलीच नाही. ग्रंथालय, व्हरांडा, तापलेलं मैदान ओलांडून ती एका पायाने अनवाणी वसतिगृहापर्यंत पळत गेली. मी मागून तिला हाक मारत पळत होते. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत होती, त्यातला एक शिट्टी वाजवून हसला.

तिने लपवलं नाही. तशीच रेक्टर मॅडमकडे गेली आणि घडलं ते सरळ सांगितलं. ‘सरांनी दार लावलं, हात धरला, तोंड जवळ आणलं, मी त्यांना कपाटावर ढकललं आणि आले.’ मॅडम एकट्या राहणाऱ्या, कडक, स्वच्छ, पांढऱ्या साडीतल्या. आम्हाला त्यांचा अभिमान होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘सर तुझ्या वडिलांसारखे आहेत. आणि तू एकटी कशाला गेलीस आत?’

‘सरांनी बोलवलं म्हणून गेले, मॅडम.’

‘बोलवलं म्हणून कुठेही जाणार का? हे बाहेर गेलं तर वसतिगृहाचं नाव जाईल. वडिलांना बोलावून घे. ते आल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही.’

सगळ्या मुलींची हॉल तिकिटं मॅडमच्या कपाटात असायची. हॉल तिकीट नाही म्हणजे पेपर नाही, पेपर नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि प्रज्ञाच्या घरी एक स्थळ आधीच येऊन बसलेलं होतं. वर्ष गेलं की शिक्षण संपलं, हे तिला आणि मला दोघींना पक्कं माहीत होतं. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी शेजारी बसून गाइड चाळत होते, काहीतरी करायचं म्हणून. पान उघडलं ते मेडूसाचं. सुंदर केसांची मुलगी. समुद्राच्या देवाने तिला अथीना देवीच्या देवळातच गाठलं. देऊळ विटाळलं म्हणून देवी संतापली. आता कुणाला शिक्षा करायची? समुद्राला करता येत नाही. मग तिने त्या मुलीच्या केसांचे साप केले, आणि असं केलं की तिच्याकडे कुणी डोळे वर करून पाहिलं तर पाहणाऱ्याचा दगड व्हावा. गाइडात याखाली ठळक अक्षरात छापलं होतं, ‘अथीना : शहाणपणाची देवता’. मी ते पान मिटलं. आमच्याकडेही शाप घेऊन शिळा होऊन पडलेली आहेच, पण तिच्यावर त्या वर्षी मार्क नव्हते.

वसतिगृहात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्या पोरी काल प्रज्ञाकडून नोट्स घेत होत्या त्या जिन्यात बाजूला सरायला लागल्या. ‘सर तसले न्हाईत गं,’ एक म्हणाली. ‘हिलाच जास्तीचे आयएमपी पायजे असतील,’ दुसरी म्हणाली. अपोलोनेच कॅसँड्रा नावाच्या एका मुलीला भविष्य दिसण्याचं वरदान दिलं होतं. तिने बदल्यात अंग द्यायला नकार दिला, तर तो तिच्या तोंडात थुंकला. त्यानंतर ती खरं बोलायची आणि कुणी विश्वास ठेवायचं नाही. हे थुंकणं गाइडात नव्हतं. मी पुढे शिकवायला लागल्यावर कुठल्याशा जाड पुस्तकात वाचलं आणि उठून चूळ भरून आले. मला तो जिना आठवला होता.

वडिलांना रजा मिळाली नाही. आई आली. बिलोलीहून नांदेड, नांदेडहून लातूर, एसटीच्या दोन गाड्या बदलून भर दुपारी ती वसतिगृहाच्या फाटकात उभी राहिली. हिरवं लुगडं, कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल. मी म्हटलं, ‘जय भीम, मावशी.’

‘जय भीम, बाई. कुठं हाय माझी लेक?’

प्रज्ञाने सांगितलेलं सगळं तिने मान खाली घालून ऐकलं. मध्ये एकदाही ‘तू का गेलीस’ असं विचारलं नाही. फक्त तिचं मनगट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग उठून मॅडमच्या ऑफिसात गेली. आम्ही दाराशी.

‘वडील कुठे आहेत?’ मॅडमनी विचारलं.

‘ते ड्यूटीवर हायेत. मी हाय की. मीच जन्माला घातलंय तिला.’

‘हे बघा, तुम्ही मुलीला शांतपणे घरी घेऊन जा. पुढच्या वर्षी पेपर देता येईल. उगाच बोभाटा नको.’

‘तिकीट द्या, मी हलते.’

‘असं नाही चालत, बाई.’

‘बरं,’ असं म्हणून मावशी ऑफिसच्या उंबऱ्यातच खाली बसल्या. पिशवी मांडीवर, पाण्याची बाटली शेजारी. भांडण नाही, आवाज नाही. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहावर पालकांची रीघ असते. कुणी डबा घेऊन येतं, कुणी दही-साखर, कुणी नवसाचा अंगारा. प्रत्येकाला मॅडमना भेटायचं असतं, आणि आत जायचं तर मावशींना ओलांडून जावं लागत होतं. निलंग्याचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. त्यांनी विचारलं, ‘मावशी, वाटंत का बसल्या हो?’

‘लेकीचं हॉल तिकीट धरून ठेवलंय.’

‘का बरं?’

‘ते मॅडमला इचारा. त्येंच्या तोंडानं ऐका.’

प्रत्येक जण आत जाऊन विचारायचा. मॅडम प्रत्येकाला काहीतरी सांगायच्या आणि दरवेळी त्यांचा आवाज थोडा बारीक होत जायचा. दुसऱ्या दिवशीही मावशी तिथेच. मी त्यांना म्हटलं, ‘घरी गाय हाय, शेत हाय, कसं करता?’ तर म्हणाल्या, ‘गाय शेजारीण बघून राहिली. अन् उन्हाळ्यात शेतात काय हाय गं? मोकळंच पडलंय. मला काय घाई न्हाई.’

ग्रीकांच्या त्या सगळ्या घाणीत मला एकच बाई आवडते, ती पर्सिफनीची आई. पाताळाच्या राजाने तिची पोरगी फुलं वेचताना उचलून नेली, आणि तीही पोरीच्या बापाला विचारून. आईला कुणी विचारलं नव्हतं. ती धान्याची देवी. तिने कुणाला शाप दिला नाही. नुसती बसून राहिली. शेतं उगवेनात, जनावरं मरायला लागली, देवांना नैवेद्य बंद झाला. नैवेद्य बंद झाल्यावर मात्र देवांना एकाएकी न्याय सुचला. तोही अर्धाच. वर्षातले काही महिने मुलगी आईकडे, बाकीचे त्याच्याकडे. पाताळाच्या राजाला कुणी हात लावला नाही.

आमच्याकडेही अर्धाच मिळाला. मॅडमनी हॉल तिकीट दिलं, पण प्रज्ञाने त्याच दिवशी वसतिगृह सोडायचं या अटीवर. सामान बांधून तिला मी माझ्या आत्याकडे रेणापूरला नेलं. तिथून ती रोज पहिल्या एसटीने पेपरला यायची. सरांना काय झालं? काही नाही. ग्रीक पुराणकथांच्या पेपरला आमच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून तेच होते. बाकांच्या मधून फिरत होते, अत्तराचा तोच वास. प्रज्ञाच्या बाकाशी येऊन थांबले, वाकून तिच्या उत्तरपत्रिकेवर सही केली. तिचं पेन थांबलं. सर पुढे गेले, पेन पुन्हा चालू झालं. प्रश्न होता, देव आणि मानवकन्या यांच्यातील प्रेमसंबंधांचे सौंदर्य विशद करा.

पेपर सुटल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यावर मी तिला विचारलं, ‘काय लिहिलंस?’

‘प्रेमच लिवलं. देवाचे तिच्यावर प्रेम जडले. सौंदर्य बी लिवलं, दोन पानं.’ तिने रसाचा ग्लास तसाच खाली ठेवला. ‘मार्क पायजे होते ना, वर्षे.’ आणि ती गाड्यामागे जाऊन ओकली.

आज प्रज्ञा उदगीरला वकिली करते. तिच्या नावाला कोर्टाच्या आवारात वजन आहे आणि जिभेला धार. दरवर्षी पेपर तपासणी सुरू झाली की तिचा फोन ठरलेला.

‘काय मॅडम, ह्या वर्षी बी प्रेमच जडलं का?’

‘जडलं की. सगळ्या गठ्ठ्यात.’

‘मार्क दे. कापू नको. लिवणारी कोण हाय, कुठं ओकून आलीय, तुला काय माहीत?’

म्हणून मी मार्क कापत नाही. त्या वाक्याखाली रेघ मारायला लाल पेन शिवशिवतं, मी ते आवरते आणि पान उलटते. वर्गात मात्र पहिल्याच तासाला फळ्यावर ते वाक्य लिहिते आणि पोरींना विचारते, ती पळत का होती? मग एखादी बोलते.

त्या वर्षी निकाल लागला. प्रज्ञा विषयात कॉलेजातून पहिली आली. कॉलेजने फाटकावर भलामोठा फ्लेक्स लावायचा ठरवला, लातूरच्या पद्धतीप्रमाणे. फोटोसाठी तिच्या घरी फोन गेला. मावशींनीच उचलला म्हणे. ‘पोरीला भाईर काढताना तिचं तोंड बघवत नव्हतं. आता तेच तोंड पायजे व्हय तुम्हाला?’ आणि ठेवून दिला. मेडूसाचं मुंडकं छाटल्यावर त्याच शहाण्या देवीने ते आपल्या ढालीवर बसवून घेतलं होतं. विद्रूप करायला तीच, आणि मिरवायलाही तीच.

पण फोटो नाही म्हणून कॉलेजचं अडलं नाही. फ्लेक्स लागला. वर संस्थेचे अध्यक्ष, एका बाजूला सफारीतले सर, खाली ‘मार्गदर्शक’, दुसऱ्या बाजूला रेक्टर मॅडम, खाली ‘प्रेरणास्थान’. मधल्या ओळीत गुणवंतांची गोल वर्तुळं. एका वर्तुळात चेहऱ्याऐवजी टपोरा लाल गुलाब आणि खाली प्रज्ञाचं पूर्ण नाव. आपल्याकडे पत्रिकांवर, फलकांवर बाईचा फोटो नसला की फूल टाकतात, तसं. मी फाटकासमोर उभी राहून ते नाव दोनदा वाचलं. मुलगी हाताला लागली नाही, तिचं झाड झालं, तर झाडाचीही पानं डोक्यावर घातलीच.

जुलैत प्रज्ञा आणि मावशी दाखला न्यायला आल्या. वाऱ्याने फ्लेक्सचा एक कोपरा फाटला होता, म्हणून शिपायाने तो उतरवून जिन्याखाली टाकला होता. मावशींनी त्याला विचारलं, ‘दादा, हे नेऊ का?’ गावाकडे असले फ्लेक्स लाख कामाला येतात, कडब्यावर, सोयाबीनच्या ढिगावर, गोठ्याच्या छपरावर. ‘न्या की, पडूनच हाय,’ शिपाई म्हणाला. मावशींनी गुंडाळी केली, डोक्यावर घेतली आणि आम्ही तिघी बसस्टँडवर गेलो. प्रज्ञा वाटेत म्हणाली, ‘आई, कशाला ही घाण?’ मावशी म्हणाल्या, ‘असू दे.’

पुढच्या उन्हाळ्यात मी बिलोलीकडे त्यांच्या गावी गेले. अशीच एप्रिलची सकाळ. अंगणात मावशी गोवऱ्या थापत होत्या. खाली माती लागू नये म्हणून काहीतरी अंथरलेलं, वाकून पाहिलं तर आमचं कॉलेज. उन्हाने लाल-पिवळा रंग उडून सगळे चेहरे निळसर पडले होते. मॅडमच्या पांढऱ्या साडीवर ओळीने गोवऱ्या वाळत होत्या. अध्यक्ष पुरते झाकले गेले होते. गुणवंतांच्या ओळीत मात्र एक स्वच्छ गोल भोक होतं, खालची जमीन दिसणारं.

‘हे काय, मावशी?’

‘ते मी इळ्यानं आधीच कापून काढलं. माझ्या लेकीच्या नावावर शेण कशाला?’

प्रज्ञा दारात उभी राहून केस पुसत होती. तीही हसली, मीही हसले. मावशींनी घमेलं माझ्याकडे सरकवलं.

‘नुसतं बघून काय राहिलीस? थाप की.’

मी ओढणी कमरेला खोचली आणि खाली बसले. एका टोकाला सर अजून उघडे होते. तोच सफारी, तेच दात दाखवणारं हसू. मी गोळा उचलला. शेण कोमट होतं, त्यात कडब्याची कुसं होती, आणि ओल्या गवतासारखा वास येत होता. मी ते त्यांच्या तोंडावर ठेवलं, तळव्याने नीट गोल पसरलं, आणि बोटं उमटेपर्यंत दाबलं. त्या परीक्षेच्या हंगामापासून तोवर मला जिची किळस आली नाही अशी ती एकच गोष्ट.